केळापूरला कोळसा

"हे खाली दिसतं ते केळापूर," बबिता आडे म्हणाली आणि मांडीवर पट्ट्याने बांधलेल्या टॅबच्या काचेवर तिने नखाने टिचकी मारली, गाव काचेच्या आत झोपलेलं असावं तशी. "देवीचं देऊळ इतक्या वरून दिसायचं नाही, पण हैद्राबादचा हायवे ओळखता आलाच पाहिजे. हायवे ओलांडला की डावीकडे वळायचं, वणीकडे. कळलं?" विमान दोघांच्या बसण्यापुरतं, शिकाऊ, सकाळची हवा अजून तापायची होती म्हणून शहाण्या मुलासारखं सरळ चाललं होतं. डाव्या सीटवरच्या ऋतिक ढवसने आपल्या खिडकीतून खाली पाहिलं, मग मॅडमकडे पाहिलं, मग पुन्हा खाली. खाली एक अवाढव्य काळा खड्डा होता, पायऱ्यापायऱ्यांनी आत उतरत गेलेला, आणि त्या पायऱ्यांवरून मुंग्यांएवढे ट्रक वर चढत होते. हेडफोनमधून त्याचा आवाज अगदी अदबीने आला. "मॅडम, केळापूरले कोळसा कवापासून निंगाले लागला?"

एवढंच झालं. इंजिन खोकललं नाही, विमान हललंसुद्धा नाही, पेपरात छापून यावं असं काही घडलं नाही. टॅबवरच्या नकाशात विमानाचा एक निळा ठिपका असतो. आपण सरकतो तसा तो सरकतो. मे महिन्याच्या उन्हाने टॅब तापला होता आणि ठिपका केळापूरवर येऊन बसला होता, हात धुऊन झाल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारखा. नकाशा मात्र लख्ख होता. रस्ते, नद्या, उंचीचे आकडे, सगळं जागच्या जागी. माणूस अडला की तोंड वाकडं करतो. टॅब अडला तरी चेहरा हसराच ठेवतो. तेवढा वेळ बबिता बोटाने दुसरी पानं सरकवत पुढच्या विद्यार्थ्याची फेरी आखत होती. ऋतिकने हायवे पाहिला होता, ओलांडला होता आणि कोणी सांगायची वाट न पाहता वळलाही होता. विमान कललं ते तिच्या अंगाला कळलं होतं, डोळे मिटून बसमध्ये बसलं तरी घाटाची वळणं पोटाला कळतात तसं. पण पोटाने डोक्याला निरोप पोचवला नाही, कारण डोक्यापुढे ठिपका होता. ठिपक्याने केळापूर म्हटलं, तिने केळापूर म्हटलं. तेही कोणाला, तर ज्याचं घर वणीला, ज्याच्या बापाची कपाशी त्याच काळ्या खड्ड्याच्या काठाला, त्या पोराला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "परीक्षा घेत होते तुझी."

"हो मॅडम," ऋतिक म्हणाला. पंगतीत खारट वरणाला झकास म्हणतात त्या आवाजात.

परतीच्या वाटेवर ती बाहेरच पाहत राहिली. मार्डीकडची टेकाडं, वाळलेले नाले, नांगरून ठेवलेली काळी रानं, मध्येच पाण्याचा एक तुकडा चमकून विझला. हे सगळं तिच्या ओळखीचं होतं असं ती इतके दिवस धरून चालली होती. आता एकेका टेकाडाकडे पाहताना तिला कळेना की आपण हे टेकाड ओळखतो की टेकाडावर लिहिलेलं नाव. ती शिकली तेव्हा नकाशे कागदाचे होते. त्या कागदाचा तिला उमाळा वगैरे नव्हता. कागद नेमका घडीवर फाटायचा, आणि हवं ते गाव नेमकं घडीत असायचं. पंख्याखाली उडायचा, उन्हात पिवळा पडायचा, आणि एका बहाद्दराने तर त्यावर समोसे खाल्ले होते, त्या तेलाच्या डागाला दिग्रसजवळचं तळं समजून पुढचा बहाद्दर घिरट्या घालून आला होता. पण कागदाची एक खोड होती. तो आपण होऊन काही सांगायचा नाही. तू कुठे आहेस ते तू आधी सांग, मग मी बाकीचं सांगतो, असा त्याचा करार. टॅब न विचारता सांगायचा, तू इथे आहेस. एवढं प्रेमाने कोणी कधी सांगितलं होतं तिला? माणसाला सगळ्यात सुखाचं वाक्य हेच असावं, आणि म्हणून ते खरं आहे की नाही हे पाहायला कोणी वाकत नसावं.

बबिताला माणसं तोलायची सवय होती. कोणाकडे काय जमा, कोणाकडे काय नावे, हे ती दुकानदारासारखं तोंडावर हसू ठेवून मनात मांडत असे. नागपूरचा एक विद्यार्थी यंत्रांकडे नवरी पाहायला आल्यासारखा चोरून बघायचा. एक मुलगी, समीक्षा, उतरताना देवाचं नाव घ्यायची आणि देवाने ऐकलं की हात सैल सोडायची. ऋतिकच्या नावावर हात चांगला, नजर त्याहून चांगली, आणि तोंड अघळपघळ असं मांडलेलं होतं. तोंडाची बाजू तिने आजवर जमेत धरली होती, कारण त्याच्याबरोबर फेरी लवकर सरायची. आज पहिल्यांदा तिने ती दुसऱ्या बाजूला लिहिली. आणि लिहिताना आपला हात थोडा जोरात पडला, हेही तिला कळलं.

यवतमाळच्या धावपट्टीवर उतरेपर्यंत ऊन पांढरं झालं होतं. ऑफिसात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घुरघुरत होता. तिने टॅब त्याच्यासमोर खुर्चीवर ठेवला, आजारी माणसाला हवेशीर जागी बसवतात तसा, आणि माठातलं पाणी घेतलं. चीफ, म्हणजे विमान शिकवणाऱ्या या शाळेचे मुख्य शिक्षक, साठीचे, सैन्यातून आलेले, प्रत्येक वाक्याला परेडमध्ये उभं करणारे, दारातून म्हणाले, "आडे, ढवसची सोलो परवा लावू ना? वणीची फेरी. विमान त्यानंतर नागपूरला तपासणीला जातंय. ते येईपर्यंत पावसाळा लागेल. परवा नाही गेला तर दिवाळीपर्यंत लटकला."

सोलो म्हणजे एकट्याने जायची फेरी. शेजारची सीट रिकामी. हे झाल्याशिवाय पुढचं काही नाही. त्याच्या बरोबरीची पोरं पुढे निघून जातील आणि हा दिवाळीपर्यंत जमिनीवर बसून इतरांचे टायर बघेल. शिवाय ऋतिकचे वडील सदाशिवराव यांनी वणीत सांगून ठेवलं होतं की पोरगा विमान घेऊन घरावरून जाणार आहे. आई विमलताईंनी गच्ची धुऊन घेतली होती आणि आळीतल्या बायकांना चहाचं आमंत्रण होतं. हे ऋतिकनेच हसत हसत सांगितलं होतं. "मॅडम, बाबा तं म्हनते खाली थोडा थांब, चहा घेऊन जाय."

"अजून नको, सर," बबिता म्हणाली.

"का? हात तर बरा आहे."

"बोलतो फार."

चीफनी भुवया वर केल्या. बोलण्याबद्दल आजवर कोणाचं विमान अडलेलं त्यांना आठवत नसावं. "उद्या एकदा घेऊन जा बरोबर. उद्या संध्याकाळी सांग," ते म्हणाले आणि गेले. खिडकीतून तिला दिसलं की ऋतिक विमानाच्या पंखाच्या सावलीत उभा राहून चाकाला लाकडी अडण्या लावतोय. काच बंद होती. त्याला ऐकू गेलं असण्याचं कारण नव्हतं. पण अशा गोष्टी ऐकू जायला आवाज लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो गप्प. "नमस्कार मॅडम," "हो मॅडम," "झालं मॅडम." कळंबकडे जाऊन यायची फेरी. त्याने सगळं नेमकं केलं, आणि विमानात इतकी शांतता होती की बबिताला आपल्याच श्वासाचा हेडफोनमधला आवाज कंटाळवाणा वाटू लागला. हे बरं आहे, तिने स्वतःला सांगितलं. असंच पाहिजे. खाली रस्त्याकडेला चिंचेच्या झाडांची रांग होती. कालचा ऋतिक असता तर त्या चिंचांवर, चिंचांखालच्या रसवंतीवर, रसवंतीवाल्याच्या मेहुण्यावर काहीतरी बोलला असता. टॅबला आज तिने स्वतःच्या ओढणीने सावली धरली होती. ठिपका हलत होता. ती दर थोड्या वेळाने खिडकीबाहेर पाहून त्याची साक्ष काढत होती आणि तो दर वेळी खरा निघत होता, त्यामुळे हळूहळू साक्ष काढायचं राहिलं. परत येताना नकाशावर धावपट्टी डावीकडे दिसली. "डावीकडे वळ," ती म्हणाली. ऋतिकचा हात एक क्षण थांबला, इतका लहान क्षण की तो थांबला असं शपथेवर सांगता आलं नसतं, आणि त्याने विमान डावीकडे वळवलं.

समोर मोकळं रान आलं. एक वीटभट्टी, तिच्या अलीकडे वाळलेलं शेततळं. गावाचं चिन्ह नाही. बबिताने टॅबकडे पाहिलं, मग मान मागे वळवली. उजव्या खांद्यामागे, बरीच मागे, धावपट्टी उन्हात पडलेली होती, कोणीतरी विसरून गेलेल्या पट्टीसारखी, आणि तिच्या पलीकडे यवतमाळची पाण्याची टाकी. कोणीतरी टॅब वापरून नकाशाची दिशा बदलून ठेवली होती. एरवी नकाशा विमानाच्या तोंडाप्रमाणे फिरतो. तो आता उत्तरेला डोकं करून निजला होता. दक्षिणेकडे निघालेल्या माणसाने तो पाहिला तर डावं उजवं आणि उजवं डावं. पहिल्या आठवड्यात शिकवायची गोष्ट. तिनेच शिकवलेली.

"उजवीकडे घे. मागे," ती म्हणाली. आणि मग, ऑफिसातली मराठी तोंडातून गळून पडून, "तुले दिसत होतं न? धावपट्टी उजव्या अंगाले होती, दिसत होतं न तुले?"

"हो मॅडम."

"मंग काहून नाही बोलला?"

ऋतिकने समोरून नजर काढली नाही. "मले वाटलं परीक्षा घेऊन राह्यल्या."

त्या वाक्यात टोमणा शोधायचा तिने फार प्रयत्न केला. टोमणा सापडला असता तर सोपं होतं. तो तसा मुलगाच नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. काल तिने एक खोटं बोलून त्याच्या हातात दिलं होतं आणि त्याने ते नियमासारखं सांभाळून ठेवलं होतं: मॅडम चुकतात तेव्हा त्या चुकत नसतात. आकाश निवांत होतं, धावपट्टी मोकळी होती, काहीच बिघडलं नव्हतं. पण त्या रिकाम्या रानावर तिला एका क्षणात दिसलं की हेच पोरगं उद्या कुठल्या मोठ्या विमानात, ढगात, एखाद्या कॅप्टनच्या शेजारी असंच नेमकं, असंच अदबशीर बसलेलं असेल, आणि कॅप्टन म्हणेल डावीकडे, आणि हा वळेल.

दुपारी ती स्कूटरने घरी निघाली. चीफना काय सांगायचं ते अजून ठरलं नव्हतं, संध्याकाळपर्यंत वेळ होता. दत्त चौकात एसटी आडवी लागली म्हणून थांबावं लागलं. बसच्या खिडकीत एक म्हातारा होता, डोक्याला लाल पागोटं, खिडकीच्या गजाला धरलेला हात. तिचा बाप नव्हता, पण पागोट्याखालचा माणूस नेहमी क्षणभर तिचा बापच असतो. खेमसिंग आडे, दिग्रसजवळच्या तांड्यावर राहणारा, बसचा प्रवास म्हणजे भाषण समजणारा. लहानपणी तो तिला घेऊन दिग्रसहून यवतमाळला यायचा, आणि घरात एक शब्द बोलायला जड वाटणारा माणूस बसमध्ये बसला की मोठ्याने सुरू व्हायचा. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, बसमध्ये वऱ्हाडी, कारण बस सगळ्यांची. "बोरी गेली बरं," तो जाहीर करायचा, अख्ख्या बसला ऐकू जाईल असं. आणि दोन बाकं मागून कोणीतरी म्हणायचं, "ओ काका, बोरी कायची? लाडखेड व्हय हे!" बस हसायची. "अस्सं?" खेमसिंग म्हणायचा, अगदी ताजं नवल वाटल्यासारखं. मग आणखी थोड्या वेळाने, "दारव्हा आलं बरं." कंडक्टर म्हणायचा, "बुढ्या, दारव्ह्याले तू केळी खाल्ली न! इसरला?" पुन्हा हसू. पुन्हा "अस्सं?" ती खिडकीला नाक लावून बसायची आणि मनात म्हणायची की हा माझा कोणी नाही. शाळेत जाऊ लागल्यावर तिनेही ते काम हाती घेतलं. पाटी आली की वाचायची आणि त्याच्या बाहीला हिसका द्यायची. "बा, चुकीचं बोलतो तू. लाडखेड. ला-ड-खे-ड." "अस्सं?" इतकी गावं, इतक्या फेऱ्या, आणि हा माणूस एकदाही बरोबर येत नाही. लोकांच्या आजोबापणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला म्हणतात. आपल्या बापाला एका सडकेवरची चार गावं पाठ होत नाहीत. आडे खानदानात वाटा कुठे हरवल्या असतील तर इथे, असं तिने बऱ्याच लहान वयात त्याच्या नावे टाकलं होतं.

मागून हॉर्न वाजला. बस निघून गेली होती. तिने स्कूटर कडेला घेतली, रसवंतीच्या कनातीच्या सावलीत, आणि चालू इंजिनावर तशीच बसून राहिली. बापाला वाचता येत नव्हतं. हे तिला नेहमीच माहीत होतं. तो सगळ्या गावांची नावं चुकवतो, हेही नेहमी माहीत होतं. या दोन गोष्टी तिच्या डोक्यात शेजारीशेजारी राहत होत्या आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकींकडे कधी साखर मागितली नव्हती. खेमसिंग पाटी वाचू शकत नव्हता. आणि हे कोणतं गाव, असं विचारणं त्याच्या पागोट्याला मानवलं नसतं. विचारणारा लहान होतो. त्यातही तांड्यावरचा माणूस एसटीत विचारतो तेव्हा जरा जास्तच होतो. पण चुकीचं सांगणाऱ्याला मात्र अख्खी बस धावत येऊन बरोबर सांगते, फुकट, हसत हसत, वर त्यांनाच शहाणं झाल्याचं सुख. लोकांना उत्तर द्यायचा कंटाळा असतो, दुरुस्तीचा नसतो. लबाड माणूस. तिने त्याला मूर्ख धरलं होतं, आणि तो आरामात बसून गावागावाची नावं वसूल करत यवतमाळपर्यंत यायचा. की खरंच चुकत होता? पुढच्या वेळी लाडखेड त्याला ओळखता यायला नको होतं का? बबिताला ते सांगता येईना. कदाचित त्यालाही सांगता आलं नसतं.

रसवंतीवाल्याने विचारलं, "बर्फ टाकू का ताई?" ती हो म्हणाली आणि ग्लास घेऊन तशीच बसून राहिली. फोन. बाप दर दोनेक दिवसांनी फोन करतो, आणि कधी काही विचारत नाही. "तू तं हैद्राबादले असशीन आता," तो म्हणतो, आणि ती चिडून म्हणते, नाही बा, यवतमाळातच आहे, इथेच नोकरी आहे, किती वेळा सांगू. "जेवली नसशीन." जेवले, वांग्याची भाजी होती, जरा जळली. "तुहं लगन ठरलं म्हनते त्या मद्रासी सायबासंगं." कोण म्हणतं? कोणता मद्रासी? आणि मग अर्धा तास ती चीफबद्दल, ते मद्रासी नाहीत, त्यांना दोन नाती आहेत, शाळेत कोण कसं आहे, घरमालकीण पाणी केव्हा सोडते, सगळं सगळं सांगत बसते, आणि पलीकडून मधूनमधून फक्त "अस्सं?" येत राहतं. तिला वाटायचं, बापाला आपल्या आयुष्यातलं काहीच ध्यानात राहत नाही. त्याला सगळं ठाऊक होतं. तिनेच सांगितलेलं.

तो फोन त्या संध्याकाळी आला, ती पोळ्या लाटत असताना. तिने पिठाच्या बोटाने तो कानाला लावला. मागे आईचा, बिजलीबाईचा, कोंबड्यांना हाकलण्याचा आवाज होता. खेमसिंगने नेहमीसारखं खाकरून घेतलं आणि जाहीर केलं, "त्या शाळेनं तुले काढून टाकलं म्हनते."

बबिताने तोंड उघडलं आणि मिटलं. तव्यावरची पोळी फुगली. ती काही बोलली नाही. असं ती कधी वागली नव्हती. इतक्या वर्षांत त्याने फेकलेलं एकही वाक्य तिने जमिनीवर पडू दिलं नव्हतं. पलीकडे कोंबड्या आल्या आणि गेल्या. खेमसिंगने पुन्हा खाकरलं. शांतता त्याच्या बाजूला सरकत गेलेली तिला ऐकू आली, आणि मग बारीक, अनोळखी आवाजात, बसमध्ये कोणालाही ऐकू गेला नसता अशा आवाजात, तो म्हणाला, "काढलं का खरंच?"

बापाने तिला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. तिला वाटलं होतं आपण हसू. पण त्या आवाजात पागोटं नव्हतं. उघड्या डोक्याचा एक म्हातारा कुठल्या तरी फाट्यावर उतरून उभा होता आणि कोणी काही सांगत नव्हतं.

"नाही बा," ती घाईने म्हणाली. "काढलं नाही. चांगलं चाललं आहे. एक पोरगा आहे वणीचा, त्याला उद्या एकट्याला सोडते आहे."

"अस्सं?" खेमसिंग म्हणाला. पागोटं परत डोक्यावर आलं. "तो तं पडन म्हनते."

"कोण म्हणतं?" बबिता ओरडली, आणि पोळी जळाली.

चीफना तिने रात्रीच फोनवर होकार कळवला होता. सकाळी ऋतिक विमानाभोवती फिरून एकेक गोष्ट तपासत होता तेव्हा ती त्याच्याकडे गेली. टॅब तिच्या हातात होता, थंड, रात्रभर चार्ज केलेला, दिशा नीट लावलेली. तिने तो त्याच्याकडे दिला. तो घेताना म्हणाला, "मॅडम, काल मले वाटलं तुम्ही नाहीच सोडत आता."

"सोडणार नव्हते," ती म्हणाली. "ऐक. परवा वणीवर मी परीक्षा घेत नव्हते. मी चुकले होते. ठिपका अडला आणि मी त्याच्याबरोबर अडले. काल पण चुकले."

ऋतिकने टॅब उगाच उलटा करून पाहिला. "होते मॅडम," तो म्हणाला. "माहाबी आजा बैलबंडीत झोपून चंद्रपूरले निंगालता. बैल भलत्याच गावाले घेऊन गेले."

"तेच. तेव्हा बोलत जा. कोणीही असो शेजारी."

"आज तं शेजारी कोणीच नाही."

"मी आहे न रेडिओवर. जाय आता. चहाले थांबू नको."

विमान गेलं. आधी आवाजासकट, मग नुसता आवाज, मग तोही कूलरच्या घुरघुरीत मिसळला. ऑफिसातल्या पडद्यावर त्याचा ठिपका काही वेळ सरकला आणि उंची कमी होती म्हणून की काय, दिसेनासा झाला. चीफ एकदा येऊन पडद्याकडे पाहून गेले. बबिता रेडिओपाशी बसली. तिला कळत होतं की आपण विचारायचं, कुठे आहेस. पण विचारलं की तो खाली मांडीवर बघणार आणि ठिपका सांगेल ते वाचून दाखवणार, अदबीने, बरोबर किंवा चूक. रेडिओवर इंग्रजीत बोलायचा नियम होता. शाळेचा स्वतःचा चॅनेल होता तरी नियम होता. तिने बटण दाबलं, विमानाचं नाव घेतलं, आणि इंग्रजीतच, अगदी जाहीर करावं तसं म्हणाली की तू आता केळापूरवर असशील, खाली हायवे दिसत असेल.

नुसती खरखर. ती खरखर लांबली. बबिताच्या मनात एक काळा खड्डा उघडला आणि त्याच्या पायऱ्यांवरून ट्रक वर चढू लागले, एकामागे एक, सावकाश. तिला खरंच माहीत नव्हतं की तो कुठे आहे. टेबलाच्या कडेला तिचा हात होता, बसच्या गजाला धरावा तसा.

"नाही मॅडम," इंग्रजी सोडून ऋतिकचा आवाज आला, वाऱ्याने थोडा चिरलेला. "केळापूर कवाच मांगं पडलं. खाली कोळसाच कोळसा हाये. गच्चीवर बाया दिसून राह्यल्या, आमच्याच असतीन. एकीनं लाल लुगडं वाळू घातलं का हलवून राह्यली, समजत नाही." थोडं थांबून, सावधपणे, "परीक्षा घेऊन राह्यल्या का?"

"नाही," बबिता म्हणाली. "मला इथून काहीच दिसत नाही. सांग तू."

आणि मग तो सुरू झाला. निरगुडा नदी, तिच्यात पाणी नाही. सायडिंगवर कोळशाची मालगाडी. कोणाच्या तरी लग्नाचा मांडव. मारेगाव असावं, नाही, थांबा, हो, मारेगावच. चीफ दारात येऊन उभे राहिले होते. नियमाबद्दल काही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मग खुर्ची ओढून बसले. बबिता पडद्याकडे पाठ करून बसली होती. बाहेर ऊन पांढरं होऊ लागलं होतं. मधूनमधून, तो श्वास घ्यायला थांबला की, ती बटण दाबून म्हणत होती, "अस्सं?"